आज मोडलंच आहे, तर...

सोमवार ते शुक्रवार नाचणीची भाकरी, उकडलेल्या भाज्या, बिनसाखरेचा चहा. शनिवारी संध्याकाळी ऑफिसच्या मंडळींबरोबर शेवपुरी होते आणि मनात ते वाक्य येतं: ‘आज पथ्य मोडलंच आहे, तर आता सोमवारपासून बघू.’ मग रात्री पिझ्झा, रविवारी सकाळी मिसळ, वर जिलबी, दुपारी मटण, संध्याकाळी आइस्क्रीम. त्या एका शेवपुरीनं फारसं काही बिघडलं नसतं. खरं नुकसान त्या वाक्यानं केलं.

या वाक्यावर संशोधन झालेलं आहे. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना चव-चाचणीसाठी म्हणून बोलावलं. काहींना आधी काहीच दिलं नाही, काहींना एक मिल्कशेक, काहींना दोन. मग समोर आइस्क्रीम ठेवलं आणि हवं तितकं खाऊन चवीला गुण द्या, असं सांगितलं. एरवी खाण्याची फिकीर न करणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, हिशेब सरळ होता. खाण्यावर कायम लगाम ठेवणाऱ्या मुलींचं उलट झालं. मिल्कशेक प्यायल्यावर त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं! पुढच्याच वर्षी जॅनेट पोलिव्ही यांनी दाखवलं, की खाल्लेल्या पुडिंगमध्ये भरपूर कॅलरी आहेत असं नुसतं सांगितलं, तरी अशा मंडळींचं नंतरचं खाणं वाढतं.

म्हणजे पोटात काय गेलं यापेक्षा ‘नियम मोडला’ ही जाणीवच हात सैल सोडते. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत हा परिणाम इतका ठळक दिसलेला नाही, हेही खरं. पण ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना प्रयोगशाळेची गरज पडली नव्हती. तुपातली साबुदाण्याची खिचडी, तिच्यात दाण्याचं कूट, सोबत बटाट्याचा कीस आणि वर ‘आज उपास आहे’ हे समाधान.

आता थोडं गणित. पाच दिवस रोज ३०० कॅलरी कमी खाल्ल्या, तर शुक्रवारपर्यंत १५०० वाचतात. सुटीच्या दोन दिवसांत त्या परत मिळवणं अजिबात अवघड नाही. १५ मिलिलिटर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. मिसळीवर ‘जरा तर्री मारा’ म्हटलं की तेवढं तेल सहज येतं, आणि तर्री आली की जादा पावही येतोच. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सुझन रॅसेट आणि सहकाऱ्यांनी पन्नाशीतल्या लोकांवर वर्षभर लक्ष ठेवलं होतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, आहार कमी करणाऱ्यांचं वजन कामाच्या दिवसांत उतरायचं आणि शनिवार-रविवारी उतरणं थांबायचं.

वजन उतरवून ते टिकवलेल्यांची एक राष्ट्रीय नोंदवही अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. तिच्यातल्या चौदाशेहून अधिक लोकांवरचा निबंध २००४ मध्ये आला. आठवडाभर साधारण सारखंच खाणाऱ्यांचं वजन पुढच्या वर्षात सव्वादोन किलोंच्या फरकात राहण्याची शक्यता, फक्त कामाच्या दिवसांत जास्त कडक पथ्य पाळणाऱ्यांपेक्षा दीडपट निघाली.

मग रविवारचं मटण बंद करायचं का? मुळीच नाही. नोंदवहीतलं ते नुसतं निरीक्षण आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. शिवाय मला तरी यातला दोष रविवारपेक्षा बुधवारचा वाटतो. डब्यात नुसती काकडी आणि मोड आलेले मूग नेणारा माणूस रविवारपर्यंत वखवखलेला असणारच. त्याच डब्यात दोन पोळ्या, उसळ, कोशिंबीर आणि कैरीच्या लोणच्याची एक फोड असेल, मधल्या वारी एखादा लाडूही चालत असेल, तर रविवारी सूड उगवावा लागत नाही.

मेजवानी मात्र एका जेवणाची असावी, दोन दिवसांची नव्हे. आणि त्या जेवणात खास पदार्थ एकच. बार्बरा रोल्स यांच्या १९८१ च्या प्रयोगात एकाच प्रकारच्या सँडविचऐवजी चार प्रकारची ठेवली, तेव्हा लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. एका चवीचा कंटाळा आला तरी दुसरी नवीच असते. लग्नाच्या बुफेत पोट तुडुंब भरल्यावरही गुलाबजाम जातो तो यामुळेच.

सोमवारी काटा किलोभर जास्त दाखवतो आणि काही जण घाबरून दिवसभर लंघन करतात. त्याची गरज नसते. एक किलो चरबी साठायला ढोबळमानानं ७७०० जादा कॅलरी लागतात. रविवारच्या एका जेवणात तेवढ्या जात नाहीत. वाढलेलं बहुतेक पाणीच असतं. पोळी-भातातून शरीरात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जमतो, त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, आणि रस्सा-पापडातलं मीठही पाणी धरून ठेवतं. नेहमीसारखं जेवत राहिलं की दोन-तीन दिवसांत ते उतरतं. लंघन केलं, तर संध्याकाळी वेफर्सचं पाकीट फुटतं.

हे ‘नेहमीसारखं’ अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? ‘२१ दिवसांत सवय लागते’ ही गोष्ट विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाण्यासारखी एखादी छोटी सवय निवडायला लावली. सवय आपोआप होण्याचा मधला आकडा ६६ दिवस आला, पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. यातली सगळ्यात दिलासा देणारी नोंद म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

‘मी तर बारीकच आहे’ म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३ होता. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. भारतीय माणसाची चरबी अनेकदा वजनकाट्याला चकवते, तेव्हा तेल-साखरेवरची नजर सडपातळ माणसानंही हटवू नये.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांना सूचना वेगळी आहे. रविवारी जास्त खाल्लं म्हणून सोमवारचं जेवण चुकवू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. सणासुदीला काय आणि किती खायचं, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.