कंकण अस्थिर आहे!

सप्टेंबर १९७१. अमेरिकेतील बोस्टन शहरात जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले होते. संमेलनाच्या हॉटेलात एम.आय.टी. या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठाचे काही विद्यार्थी घोषणा देत फिरत होते. फीवाढीच्या किंवा युद्धाच्या विरोधात त्यांना काही म्हणायचे नव्हते. ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे! रिंगवर्ल्ड अस्थिर आहे!’ एवढीच त्यांची घोषणा होती. ‘रिंगवर्ल्ड’ ही लॅरी निव्हन या लेखकाची आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेली कादंबरी. वाचकांनी ती डोक्यावर घेतली होती. संमेलनाच्या सभासदांच्या मतांनी दिले जाणारे ह्यूगो पारितोषिकही त्या वर्षी तिलाच मिळाले. आणि त्याच वाचकांपैकी काहीजण तिच्यातली भौतिकीची चूक भर संमेलनात ओरडून सांगत होते!

आपल्याकडे साहित्य संमेलनात असे घडले तर लेखकाचा अपमान झाला असे आपण म्हणू. विज्ञानकथांच्या जगात मात्र लेखक आणि वाचक यांच्यातला हा जुना, दोघांनाही आवडणारा खेळ आहे. तो समजण्यासाठी आधी ही चूक काय होती ते पाहू, कारण अकरावी-बारावीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईल इतकी ती सुरेख आहे.

निव्हनने कल्पना केली ती एका प्रचंड कंकणाची. मध्यभागी सूर्यासारखा तारा आणि त्याच्याभोवती पृथ्वीच्या कक्षेएवढ्या, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर त्रिज्येची अखंड पट्टी. पट्टीची रुंदी सुमारे १६ लाख किलोमीटर. तिच्या आतल्या, ताऱ्याकडे तोंड केलेल्या बाजूवर समुद्र, डोंगर आणि वस्ती. हवा बाहेर सांडू नये म्हणून दोन्ही काठांना सुमारे १६०० किलोमीटर उंचीच्या भिंती. क्षेत्रफळ काढून पाहा. ते पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सुमारे तीस लाख पट येते. रहिवाशांना वजन जाणवावे म्हणून हे कंकण स्वतःभोवती फिरत ठेवले आहे. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की अभिकेंद्री त्वरण मिळते. सेकंदाला १२०० किलोमीटर वेग धरला तर उत्तर ९.६ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. म्हणजे जवळपास पृथ्वीवरच्याइतकेच वजन, आणि एक फेरी सुमारे नऊ दिवसांत.

एवढ्या वेगाने फिरणारे कंकण तुटणार नाही का? जरूर तुटेल. फिरत्या कड्यात निर्माण होणारा ताण म्हणजे पदार्थाची घनता गुणिले वेगाचा वर्ग. पोलादाची घनता घालून हा गुणाकार केला, तर आलेला ताण चांगल्या पोलादाच्या सहनशक्तीच्या काही लाख ते एक कोटी पट भरतो. पण विद्यार्थ्यांनी याबद्दल घोषणा दिल्या नाहीत. निव्हनने ‘स्क्रिथ’ नावाचा एक काल्पनिक पदार्थ उघडपणे वापरला होता आणि वाचकांनी त्याला ती सवलत दिली होती. एखादी अशक्य गोष्ट लेखकाने आधीच जाहीर करून मागून घेतली तर ती मिळते. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम मात्र त्याने जसाच्या तसा ठेवला होता. मग त्यातून जे निघेल ते त्याला मान्य करावेच लागणार.

आणि त्यातून निघते ते असे. कंकण काही कारणाने थोडेसे सरकले आणि तारा बरोबर केंद्रात राहिला नाही असे समजा. ताऱ्यापासून दोन विरुद्ध दिशांना एकाच लहानशा कोनाच्या दोन पाचरी काढा. त्या कंकणाचे दोन तुकडे कापतील, एक जवळचा आणि एक लांबचा. लांबचा तुकडा समजा दुप्पट अंतरावर आहे. त्याची लांबी दुप्पट, म्हणून वस्तुमानही दुप्पट. पण आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे चौथा हिस्सा. एकूण ओढ निम्मीच राहिली. जवळची बाजू जिंकते, ती ताऱ्याकडे आणखी ओढली जाते आणि अंतर घटल्यामुळे ओढ आणखी वाढते. ग्रहाला वाचवते ती त्याची कक्षेतली गती. कंकण मात्र कक्षेत नाही, ते फक्त जागच्या जागी फिरते आहे. हिशेब केला तर हे सरकणे साधारण दर दोन महिन्यांनी दुप्पट होत जाते. आज एक किलोमीटरची चूक असली तरी पाच वर्षांच्या आत कंकण ताऱ्यावर आदळेल. (कंकणाऐवजी पोकळ गोल घेतला तर? लांबच्या तुकड्याचे वस्तुमान चौपट होते आणि दोन्ही ओढी तंतोतंत सारख्या होतात. हे न्यूटनलाच ठाऊक होते.)

गंमत अशी की ही चूक १९७१ मध्ये नव्याने सापडलेली नव्हती. शनीची कडी अखंड, सगळीकडे सारखी आणि घन असतील तर ती टिकणार नाहीत, असे लाप्लासने अठराव्या शतकाच्या अखेरीसच दाखवले होते. मॅक्सवेलने १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हा प्रश्न तडीस नेला आणि कडी असंख्य सुट्या कणांचीच असली पाहिजेत असा निष्कर्ष काढला. म्हणजे बोस्टनच्या त्या हॉटेलात मॅक्सवेलच घोषणेच्या रूपाने फिरत होता!

निव्हनने काय केले? नऊ-दहा वर्षांनी त्याने ‘द रिंगवर्ल्ड एंजिनिअर्स’ हा पुढचा भाग लिहिला. कंकणाच्या काठांवर त्याला जागेवर ठेवणारी प्रचंड इंजिने होती. रहिवाशांनी अवकाशयानांसाठी त्यांतली बरीचशी काढून नेली. आणि आता कंकण सरकू लागले आहे, असे नवे कथानक त्याने रचले. वाचकांनी दाखवलेली चूकच कथेचे संकट झाली. पहिल्या आवृत्तीत आणखी एक घोटाळा होता. नायकाला आपला वाढदिवस लांबवायचा असतो, म्हणून तो एका क्षणात एका शहरातून दुसऱ्या शहरात उडी घेत जातो, पण पूर्वेकडे! तेही वाचकांनी पकडले आणि पुढच्या छपाईत दिशा सुधारली गेली. भूगोलाच्या शिक्षकांनी हा प्रश्न आठवीच्या वर्गाला जरूर घालावा.

इतक्या बारकाईने वाचणारा हा वाचक घडला कसा? ह्यूगो गर्न्सबॅकने एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक काढले आणि वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यासह छापायला सुरुवात केली. त्या पत्त्यांनी सगळा फरक पडला. वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रे लिहू लागले. गावोगावी मंडळे निघाली, हाताने छापलेली छोटी नियतकालिके निघाली आणि जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे दोनशे लोकांचे पहिले जागतिक संमेलन भरले. ‘जागतिक’ हे नाव त्याच वेळी त्या शहरात चाललेल्या जागतिक प्रदर्शनावरून पडले. जमलेली मंडळी बहुतेक आसपासचीच. एका गटाने दुसऱ्या गटातील सहा जणांना दारातच अडवले, दोघे भविष्यकाळातला पोशाख करून आले आणि एकोणीस वर्षांचा आयझॅक असिमॉव्ह श्रोत्यांत बसला होता. भांडणे आणि वेषभूषा या दोन्ही परंपरा तेव्हापासून अखंड आहेत. महायुद्धातील १९४२ ते १९४५ ही वर्षे सोडली तर संमेलन दरवर्षी होते. २००७ मध्ये ते जपानमध्ये, तर २०२३ मध्ये चीनमध्ये भरले. ते चालवणारे सगळे बिनपगारी हौशी असतात.

या खेळाचे नियम स्पष्ट शब्दांत मांडले ते एका शाळाशिक्षकाने. हॅरी स्टब्ज हे मॅसॅच्युसेट्समधील एका शाळेत विज्ञान शिकवीत आणि हॅल क्लेमेंट या नावाने कथा लिहीत. त्यांची ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ ही कादंबरी १९५३ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातला मेस्क्लिन हा ग्रह अठरा मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे तो तव्यासारखा चपटा झाला आहे. विषुववृत्तावर वजन पृथ्वीच्या तिप्पट, तर ध्रुवावर जवळजवळ सातशे पट. कादंबरी चालू असतानाच क्लेमेंट यांनी त्याच मासिकात लेख लिहून आपला हिशेब वाचकांसमोर ठेवला. लेखकाने ज्ञात विज्ञानाशी विसंगत काही लिहू नये आणि वाचकाने जमतील तेवढ्या विसंगती शोधाव्यात, असा त्यांचा सरळ करार होता. एम.आय.टी.च्या विज्ञानकथा मंडळाने मेस्क्लिनचा आकार पुन्हा मोजला आणि विषुववृत्ताशी त्याला धारदार कड येईल असे दाखवले. पुढे क्लेमेंट यांनी स्वतः संगणकावर हिशेब केला, तेव्हा ध्रुवावरचे सातशे तीनशेच्याही खाली आले. ते त्यांनी मोकळेपणाने सांगितले. शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकांशी माझा नेहमी संबंध येतो. इतक्या आनंदाने परीक्षकाचे ऐकणारा लेखक मला क्वचितच भेटला आहे.

मराठीत असे वाचकमंडळ फारसे वाढले नाही, पण बीज आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ यांची ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पहिली ठरली. हे जगताप म्हणजे जयंत नारळीकर. नावाकडे पाहून गुण मिळू नयेत म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले होते. खगोलशास्त्रज्ञाने आपले लेखन अनोळखी परीक्षकांच्या हाती दिले, तेही याच खेळाचे एक रूप.

वर्गात सुरुवात करायला इंग्रजी कादंबऱ्याच हव्यात असेही नाही. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न शाळेच्या कपाटात बहुधा असतोच. व्हर्नने १८६५ मध्ये चंद्राकडे माणसे पाठवली ती तोफेतून. तोफेची नळी ९०० फूट, म्हणजे सुमारे २७५ मीटर, आणि गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, एवढेच सूत्र लागते. त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या वीस हजार पटींहून अधिक येते. व्हर्नने धक्का शोषून घ्यायला प्रवाशांच्या पायांखाली पाण्याचा थर ठेवला होता. तो पुरेसा का नाही, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.