पिकाची नोंद आहे, तिची नाही

जालना एमआयडीसीतील सळ्यांच्या कारखान्यांची हद्द संपली की कापूस, सोयाबीन आणि मोसंबीचे शिवार सुरू होते, आणि या शिवारातील बहुतेक हातकाम स्त्रियांचे असते. सरकी टोबणे, खुरपणे, सोयाबीन सोंगणे आणि दिवाळीच्या मागेपुढे कापूस वेचणे ही कामे शेतकऱ्याची बायको चूल, पाणी, जनावरे आणि लेकरे सांभाळून वर्षानुवर्षे करते. ज्या घरातला पुरुष हमालीला, वाहतुकीला किंवा कारखान्यातल्या पाळीला जातो, त्या घरात शेतीचा रोजचा कारभारही तिच्याच अंगावर येतो. तरीही महसुली दप्तरात या कष्टाचा मागमूस बहुधा नसतो, आणि ती जिवंत असताना जाणवणारी ही उणीव तिच्या मृत्यूनंतर तिच्या मुलांनाही भोगावी लागते.

जालन्याचे नाव देशभर बियाण्यांमुळे झाले. बद्रीनारायण बारवाले यांनी येथे १९६४ मध्ये महिको ही कंपनी स्थापन केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या उद्योगाचा पाया मात्र शेतातील बोटांच्या कौशल्यावर उभा आहे. संकरित कापसाचे बी तयार करताना दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दुपारी हेरून तिच्यातील पुंकेसर स्त्रीकेसराला धक्का न लावता काढावे लागतात, आणि दुसऱ्या सकाळी नर वाणाच्या फुलाचे पराग तिच्यावर लावावे लागतात. हंगामात असे हजारो कळ्यांवर रोज करायचे हे काम मुख्यतः स्त्रिया आणि मुलींनीच केले आहे. एवढे कौशल्य अंगी असलेल्या बाईला व्यवसाय विचारला, तर ती स्वतःच अनेकदा ‘घरकाम’ असे सांगते.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा होय. सातमध्ये जमीन कोणाच्या ताब्यात आहे आणि तिच्यावर कोणाचे हक्क व बोजे आहेत हे लिहिलेले असते, तर बारामध्ये कोणत्या हंगामात कोणते पीक होते हे नोंदवले जाते. म्हणजे तिने लावलेला कापूस बारामध्ये चढतो, पण तिचे नाव सातमध्ये नसते. ग्रामीण भागातील कामकरी स्त्रियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शेतीत राबतात, आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील एकूण वहितीदारांत स्त्रियांचे प्रमाण मात्र १४ टक्क्यांच्या आसपास आहे. पीककर्ज, पीएम-किसानचे वार्षिक ६,००० रुपये, अलीकडचा शेतकरी ओळख क्रमांक, सगळे काही त्या सातमधल्या नावाला जोडलेले आहे.

हे नाव तिला माहेरीही क्वचितच मिळते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. पण वडील वारल्यावर बहिणीने भावांच्या लाभात आपला हिस्सा सोडल्याचा नोंदणीकृत दस्त, म्हणजेच हक्कसोडपत्र, करून देण्याची रीत मोडलेली नाही, कारण सही नाकारली तर माहेरचे दार बंद होण्याची भीती असते. सासरी नवरा हयात असेपर्यंत त्याच्या जमिनीत तिला आपोआप वाटा मिळत नाही. औद्योगिक वसाहतीच्या आणि समृद्धी महामार्गाच्या जिल्ह्यात ही गोष्ट अधिकच गंभीर ठरते, कारण जमीन संपादित होते तेव्हा मोबदला नोंदलेल्या खातेदाराच्या नावे निघतो, आणि जिने ते रान तीस वर्षे कसले तिची संमती विचारण्याचे कोणाला कारण उरत नाही.

बहुतेक शेतकरणींचे नाव सातबाऱ्यावर पहिल्यांदा लागते ते नवरा गेल्यावर. तेव्हाही, वारस मुले अज्ञान असतील तर आईचे नाव काही वेळा केवळ ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, या शेऱ्यापुरते राहते. महिला किसान अधिकार मंच या संघटनेने २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा नवरा कसत असलेल्या जमिनीचा हक्क ४० टक्के स्त्रियांना मिळालेला नव्हता. वैधव्य ही जमिनीपर्यंत पोहोचण्याची वाट असावी हेच मुळात लाजिरवाणे आहे, आणि त्या वाटेवरूनही अनेकींना परत फिरावे लागते.

आणि तीच आधी गेली तर? साप, वीज, विहीर, विजेचा धक्का, कीटकनाशकाची बाधा हे धोके शेतात राबणाऱ्या प्रत्येकाला आहेत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या राज्य शासनाच्या शेतकरी अपघात योजनेत अशा मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये मिळतात. २०२३ पासून ती सानुग्रह अनुदानाच्या रूपात राबवली जाते आणि तिच्यात बाळंतपणातील मृत्यूचाही समावेश आहे. १० ते ७५ वर्षे वयाच्या खातेदाराबरोबर त्याच्या कुटुंबातील खातेदार नसलेल्या कोणत्याही एका सदस्याला तिचे संरक्षण आहे, म्हणजे शेतकरीण खातेदार असेल तर स्वतःच्या हक्काने पात्र ठरते, नसेल तर त्या ‘एका’ जागेत बसावी लागते. स्त्रीने आयुष्य संपवले तर ती शेतकरी आत्महत्यांच्या आकड्यात अनेकदा येतच नाही, हे पत्रकार पी. साईनाथ वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात गृहिणींचा रकाना वेगळा आहे, आणि जमीन नावावर नसलेल्या बाईची नोंद तिथे होणे सोपे असते. खातेदार पुरुष वारला की गावात वारस नोंद होते, फेरफार निघतो. नाव नसलेली शेतकरीण वारली की जमिनीच्या दप्तरात एक अक्षरही हलत नाही.

यावर महाराष्ट्रात विचार झाला नाही असे मुळीच नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरवले, आणि पुढे पुरुषांनी स्वेच्छेने काही जमीन पत्नीच्या नावे करावी म्हणून ‘लक्ष्मी मुक्ती’चा कार्यक्रम हाती घेतला. एका शेतकरी संघटनेने सरकारकडे बोट न दाखवता आधी आपल्याच घरातील देणे फेडायला काढावे, ही गोष्ट फार मोलाची होती. शासनाने १९९२ मध्ये परिपत्रक काढून पत्नीला सहधारक म्हणून नोंदवण्याची सोय केली. एम. एस. स्वामीनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी खासगी विधेयक मांडले, परंतु २०१३ मध्ये त्यांची मुदत संपली आणि ते विधेयकही व्यपगत झाले. २०२५ मध्ये राज्यभर घेतलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम झाले. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे.

लक्ष्मी मुक्तीची सोय अजूनही उपलब्ध आहे. त्यासाठी वाटणीपत्र किंवा खरेदीखत करावे लागत नाही. पतीने तहसील किंवा तलाठी कार्यालयात अर्ज द्यायचा असतो, आणि तो दोघेही हयात असतानाच देता येतो.