धूर विरतो, विष खाडीत उतरते

जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला आग लागली. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. धूर विरला आणि प्रश्न मिटला, असे सर्वांनी मानले. पण तो मिटत नाही.

प्लास्टिकमिश्रित कचरा उघड्यावर जळतो तेव्हा डायॉक्सिनसारखी घातक सेंद्रिय रसायने तयार होतात. सेंद्रिय म्हणजे इथे कार्बनयुक्त. शेणखताशी त्याचा संबंध नाही. ही रसायने काजळीला चिकटून वाऱ्याबरोबर जातात आणि कणांसोबत किंवा पावसातून खाली बसतात. देवनारला लागूनच ठाण्याची खाडी आहे. पाण्यात ती फारशी विरघळत नाहीत, गाळात साठतात. गाळातल्या किड्यांतून मासे-खेकड्यांच्या चरबीत आणि तिथून माणसाच्या शरीरात पोहोचतात.

2016 च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घातली. कचरा साऱ्या शहराचा; धूर मात्र आधी गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांना, आणि त्यातले विष खाडीवर जगणाऱ्या कोळी बांधवांना. म्हणून आमच्या दृष्टीने हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे. खाडीतील गाळाची व मासळीची नियमित तपासणी व्हावी आणि तिचे निकाल मराठीत जाहीर व्हावेत, ही मागणी आपण वस्तीसभांतून लावून धरली पाहिजे.