पहिले काम कोण देणार?

माळव्यातील मराठी घरी मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन आला की पेढे वाटले जातात आणि लगेच 'नोकरी कुठे?' हा प्रश्न पुढे येतो. पवारांच्या आणि होळकरांच्या सेवेनिमित्त आपले अनेक पूर्वज या मुलखात आले. तेव्हापासून चाकरी आपल्या हाडीमासी खिळली आहे. त्यात कमीपणा काही नाही. परंतु एखादा नवा स्थापत्य अभियंता 'मी इथेच राहून पर्यावरणाला जपणाऱ्या बांधकामाचा व्यवसाय करीन' असे म्हणू लागला, तर घरातील वडीलधारी गप्प होतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम मुलाच्या म्हणण्यात तथ्य किती, ते पाहू. सिमेंट करताना चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. त्यासाठी इंधन जळते ते जळतेच, शिवाय खुद्द चुनखडीतूनही कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. मानवी उद्योगांतून हवेत जाणाऱ्या या वायूपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याचा आहे. भट्टीतल्या विटेसाठी शेताची वरची कसदार माती खरवडली जाते, ते वेगळेच.

पर्याय आहेत, आणि ते आपल्या दाराशी आहेत. मुरमाड मातीत ५ ते ८ टक्के सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेली वीट भाजावी लागत नाही. तीन-चार आठवडे पाणी मारले की ती भिंतीत बसते. देवास जिल्ह्यातील आमच्या लोहारद्याकडून नर्मदा ओलांडली की खंडवा जिल्ह्यात श्री सिंगाजी औष्णिक वीज केंद्र आहे. २५२० मेगावॉट क्षमतेच्या या केंद्रात कोळशाची केवढी राख निघत असेल! अशा राखेच्या विटाही भट्टीवाचून होतात. वीज केंद्रांजवळच्या बांधकामांत राख वापरावी, असा नियम केंद्र सरकारने १९९९ सालीच केला. भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी मिसळून क्लिंकरचे प्रमाण निम्म्यावर आणणारे सिमेंट स्वित्झर्लंडच्या व भारताच्या संशोधकांनी सिद्ध केले असून २०२३ साली त्याला भारतीय मानकही लाभले.

मात्र माळव्याची काळी माती मोठी लहरी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिची वीट करायची तर चुन्याचा संस्कार हवा, नाहीतर मुरूम शोधावा लागतो. कुठली माती, किती चुना, पाया किती खोल, हे अंदाजाने ठरत नाही. नमुना तपासावा लागतो. पदवीधराचे खरे काम येथेच सुरू होते.

या वाटेने गेलेल्यांत डॉ. श्रीनाथ कलबाग यांचे स्मरण व्हावे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेला हा तंत्रज्ञ मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात उच्च पदावर होता. १९८३ साली, पंचावन्नाच्या उंबरठ्यावर, त्यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ या कोरडवाहू गावी विज्ञान आश्रम उभा केला. अमेरिकन संशोधक बकमिन्स्टर फुलर यांच्या कल्पनेवरून तेथे घुमटाकार घरे तयार झाली: लोखंडी त्रिकोणांचा सांगाडा, त्यावर जाळी आणि सिमेंटचा पातळ थर. सिमेंट तिथेही होते, पण थोडक्या सामानात मोठी जागा झाकली जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंती आणि मातीची जड छपरे हजारोंच्या अंगावर कोसळली, तेव्हा हलक्या छताचे मोल सर्वांना उमगले. कलबागांची खरी मिळकत मात्र वेगळीच होती. शाळेत मागे पडलेली खेड्यातील मुले त्यांच्याकडे जोडकाम आणि बांधकाम शिकली आणि त्यांतील काहींनी स्वतःचे व्यवसाय थाटले. २००३ साली कलबाग निवर्तले. आश्रमाचे कार्य पुढे चालू राहिले.

कलबागांनी हे धाडस केले ते पाठीशी उभी नोकरी झाल्यावर. बावीस वर्षांच्या मुलाच्या गाठीशी काय असते? यंत्रासाठी बँक कर्ज देईल, पण विश्वास बँकेत मिळत नाही. गवंड्याला नवी वीट रचायला शिकवावे लागते. शिकून तो दुसऱ्या कामावर निघून जातो. ग्राहक 'अगोदर कुणाचे घर बांधले, ते दाखवा' म्हणतो. पहिले घर झाल्याखेरीज दुसरे मिळत नाही आणि पहिले द्यायला कुणी पुढे येत नाही.

येथे आपली परीक्षा आहे. असा मुलगा नात्यात असला की आपण त्याचे तोंडभर कौतुक करतो आणि घराचे काम मात्र नेहमीच्या ठेकेदाराला देतो. सल्ला तेवढा त्याच्याकडून घेतो, तोही घरचा म्हणून फुकट! त्यापेक्षा काका-मामांनी त्याला एखादे लहानसे काम सांगावे. आवाराची भिंत असो, गोठा असो, गच्चीवरची खोली असो. लेखी अंदाजपत्रक मागावे, विटेच्या तपासणीचा कागद मागावा, भिंत पावसाळाभर पाहावी, चूक दिसली तर स्पष्ट सांगावी. आणि ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी, एक रुपयाही न कापता, द्यावेत. व्यवसाय म्हणजे काय, हे त्याला त्यातून कळेल. आणि पुढचा ग्राहक आला की दाखवायला त्याच्यापाशी एक भिंत असेल.

तरीही तो फसला तर? पदवी कुठे जात नाही. नोकरी वर्षा-दोन वर्षांनीही मिळते. पण कुणी पहिले कामच दिले नाही म्हणून तो गाव सोडून गेला, तर त्याचा दोष त्याच्या धंद्याला देता येणार नाही.