शिल्लक वेग कुणाचा?

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जे संगणक आपल्याकडे येऊ लागले, त्यांतल्या बऱ्याच यंत्रांच्या दर्शनी भागावर ‘टर्बो’ नावाचे एक बटण असे. नावावरून वाटे, यंत्राला जास्तीचा वेग देण्यासाठीच ते बसवले आहे. गंमत अशी, की त्याचा खरा उपयोग नेमका उलटा होता. १९८१ सालच्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता आणि त्या वेळचे पुष्कळ गेम त्याच ठेक्यावर बेतलेले होते. पुढच्या वेगवान यंत्रांवर ते असे सुसाट पळत, की खेळणाऱ्याच्या हाती काही लागत नसे. तेव्हा टर्बो बंद करून यंत्राला लगाम घालावा लागे.

आज कोणाला लगाम नको आहे. माझा एक भाचा नागपूरला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने लाखाच्या वर किंमत मोजून गेमिंगचा लॅपटॉप घेतला. मोजून म्हणजे हप्त्यांनी. चोवीस हप्ते, आणि कर्जाच्या कागदांवर सही माझ्या बहिणीची. गेम तर त्यावर चालतातच, पण कॉलेजचा प्रोजेक्टही त्यातच आहे. परवा फोनवर म्हणाला, “मामा, मी हा ओव्हरक्लॉक करू का? तुम्ही आईला समजावून सांगाल?” बँकेत एवढी वर्षे काढलेल्या माणसाकडे जामीन म्हणूनच पाहिले जाते, त्याला इलाज नाही.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. प्रोसेसरचे काम एका ठोक्यावर चालते. असे ठोके आता सेकंदाला अब्जावधी पडतात. कारखान्याने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा हा ठोका जलद करायचा, आणि यंत्र अडखळू लागले तर व्होल्टेज थोडे वाढवून त्याला रेटायचे, हे ओव्हरक्लॉकिंग. हा छंद जुना आहे आणि एके काळी त्यात खरोखरच कमाई होती. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाची स्वस्त चिप काढली. तिचा अधिकृत वेग ३०० मेगाहर्ट्झ. पण मदरबोर्डवरचा बसचा वेग ६६ वरून १०० वर नेला, की यांतल्या पुष्कळ चिपा बिनतक्रार ४५० मेगाहर्ट्झवर चालत. दीडपट वेग, तोही फुकट! कारण ही चिप त्या वेळच्या महागड्या पेंटियमच्याच निर्मितीतंत्राने घडत होती. तिच्यावरचे कमी वेगाचे लेबल ही बाजाराची सोय होती. आमच्या भाषेत सांगायचे तर तो ताळेबंदात न दाखवलेला गुप्त राखीव निधी होता, आणि ज्याला तो सापडला त्याने तो खुशाल उचलला.

आज मात्र तो निधी जागेवर राहिलेला नाही. २००८ पासून इंटेलच्या चिपांमध्ये ‘टर्बो बूस्ट’ आले. तापमान आणि वीज यांना वाव आहे तोवर चिप आपणहून आपला वेग वाढवते, वाव संपला की उतरवते. म्हणजे जी शिल्लक पूर्वी गिऱ्हाइकाच्या हाती लागे, ती आता कारखानाच काढून वेष्टनावर छापतो. या हावेचाही अतिरेक झाला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेत आणि त्यामुळे अकाली झिजत, हे २०२४ मध्ये कंपनीला मान्य करावे लागले. दुरुस्तीचा मायक्रोकोड द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. जिथे कारखान्याचाच अंदाज चुकला, तिथे भाच्याने चार व्हिडिओ पाहून बांधलेल्या अंदाजावर किती भरवसा ठेवायचा?

त्यातून लॅपटॉपची गोष्ट आणखी वेगळी. चिपमध्ये निर्माण होणारी उष्णता ढोबळमानाने वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दहा टक्के आणि व्होल्टेज दहा टक्के वाढवले, तर उष्णता सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते. डेस्कटॉपला भलामोठा पंखा लावता येतो. लॅपटॉपमध्ये बोटभर जाडीत सगळा संसार, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स चिप यांच्या तांब्याच्या नळ्या बहुधा सामाईक. गेमचा मुख्य भार असतो ग्राफिक्स चिपवर. प्रोसेसरला जास्त खाऊ घातले, की तिच्या ताटातले कमी होते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला, की तो स्वतःच वेग कापतो. वाढवलेला वेग असा दहा मिनिटांत परत जातो, आणि पदरात राहतो तो पंख्यांचा गोंगाट.

आणि नागपूर! यंत्र थंड होते ते खोलीतल्या हवेने. बावीस अंशांच्या खोलीत जी चिप ऐंशीवर थांबते, ती अडतीस अंशांच्या खोलीत त्याच कामाला शहाण्णवच्या घरात जाते. मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस अंश आणि खिडकीला घरघरणारा कूलर, असा प्रसंग व्हिडिओ काढणाऱ्याच्या हिशेबात नसतो.

पण “यंत्र माझे आहे, मला अडवणारे हे कोण?” हा भाच्याचा युक्तिवाद मला पटतो. २०१५ च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाने आपल्या ९००एम मालिकेच्या लॅपटॉप चिपांचे ओव्हरक्लॉकिंग ड्रायव्हरमधून बंद केले होते. ग्राहकांनी ओरड केली आणि काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. ती ओरड रास्त होती. विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याने नंतर कुलूप घालावे, हे कुठल्याच व्यवहारात बसत नाही. मात्र हक्क असणे आणि तो बजावण्यात फायदा असणे, या दोन नोंदी वेगवेगळ्या खात्यांत जातात. हप्ते चोवीस महिन्यांचे आणि वॉरंटी बारा महिन्यांची. तेराव्या महिन्यात यंत्र बसले, तर त्यानंतरचे हप्ते बहीण कशासाठी फेडणार?

मग मी त्याला काय सांगितले? आधी लॅपटॉप मागून दोन बोटे उचलून ठेव. जाळीतली धूळ काढून घे. गेमचा फ्रेम-दर पडद्याला झेपेल तेवढ्यावरच बांध. यंत्र परवानगी देत असेल तर वेग तोच ठेवून व्होल्टेज जरा कमी करून बघ. त्याच वेगाला व्होल्टेज दहा टक्के कमी झाले, तर उष्णता सुमारे एकोणीस टक्क्यांनी घटते आणि थंड यंत्र आपला वेग टिकवून धरते. सगळ्याच लॅपटॉपवर हे जमत नाही. व्होल्टेज खाली ओढून चिपमधली गुपिते काढता येतात, असे संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवल्यापासून पुष्कळ यंत्रांत ही सोय बंद झाली आहे. शिवाय साठ फ्रेम्सच्या त्रेसष्ट झाल्याने डोळ्यांना काही कळायचे नाही. वॉरंटीच्या अटी मात्र शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत वाच.

हे ऐकून तो जरा हिरमुसला. त्याला तीन फ्रेम्स नको होत्या, यंत्राच्या पोटात हात घालायचा होता, हे माझ्या लक्षात आले. ही ओढ फार मोलाची आहे आणि घरच्यांनी ती मोडून काढू नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून मी त्याला जुना, वापरलेला डेस्कटॉप घ्यायला सांगितले आहे. त्यातला प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही वेग वाढवू देणारे आहेत ना, एवढे आधी तपासायचे. पैसे मी देईन. त्यावर त्याने हवा तेवढा वेग वाढवावा, तो किती तापतो ते मोजावे, आणि एखादे दिवशी तो खुशाल बंद पाडावा. त्या यंत्राचे कुठलेच हप्ते राहिलेले नसतील.