गोंगाटातली कुजबुज

दोस्तांनो, नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी करत चाकणला जाणारी बस डोळ्यांसमोर आणा. अलीकडच्या प्रवासी बसमध्ये संकटकाळी दाबायचं एक बटण असतं. ते दाबलं, की बस कुठे आहे हे नियंत्रण कक्षाला कळावं, अशी योजना असते. पण आपण कुठे आहोत, हे बसला तरी कसं कळतं?

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह रेडिओलहरींनी सतत वेळ सांगत असतात. संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून बसमधला रिसीव्हर उपग्रहाचं अंतर काढतो. चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की जागा सापडली!

तुम्ही म्हणाल, मग अडचण कसली? अडचण अशी, की उपग्रहावरचा ट्रान्समीटर साधारण जुन्या पिवळ्या बल्बाएवढ्याच शक्तीचा असतो. त्याची लहर पृथ्वीवर पसरत येते. एका वॅटचे एक कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा. त्यातला एक भाग, एवढीच शक्ती रिसीव्हरच्या वाट्याला येते! आजूबाजूचा आणि यंत्रातला स्वतःचा विद्युत गोंगाट याच्या सुमारे शंभरपट असतो. बस पुलाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये शिरली, तर ही कुजबुज आणखी हजारपट क्षीण होऊ शकते.

मग ती ऐकायची कशी? इथे एक युक्ती आहे. प्रत्येक जीपीएस उपग्रहाची १,०२३ खुणांची स्वतःची एक ठरलेली रांग असते. सेकंदाच्या हजाराव्या भागात ती पूर्ण होते आणि पुन्हा सुरू होते. रिसीव्हरला ती पाठ असते. अतिसंवेदनशील रिसीव्हर आलेल्या लहरी तिच्याशी जुळवून शेकडो वेळा एकावर एक मिळवत जातो. गोंगाट कधी अधिक, कधी उणे, त्यामुळे तो बराचसा आपापसांत कटतो. संदेश मात्र दर वेळी त्याच बाजूने येतो आणि साठत जातो.

खरं वाटत नाही? करून बघा. लुडोचे दोन फासे घ्या, एक लाल, एक निळा. मित्राने मनात अधिक १ किंवा उणे १ यांपैकी एक धरायचा आणि तुम्हाला सांगायचा नाही. फासे टाकून लालमधून निळा वजा करायचा, त्यात मनातला आकडा मिळवायचा आणि फक्त उत्तर सांगायचं. एका उत्तरावरून बहुधा काहीच कळणार नाही. पण ५० उत्तरांची बेरीज करा. ती अधिक ५० च्या आसपास आली, की उणे ५० च्या? सापडला ना चोर!

पण सावधान! तीक्ष्ण कानाला प्रतिध्वनीही ऐकू येतात. पत्र्यावर आपटून आलेली लहर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी उशिरा आली, तरी तो उपग्रह ३०० मीटर लांब असल्यासारखा वाटतो. मग मदतीची गाडी भलत्याच रस्त्याला जायची! शिवाय बेरजेला वेळ लागतो, आणि बस तर पुढे धावत असते. म्हणून चांगला रिसीव्हर संशयास्पद संदेश ओळखून बाजूला सारतो.

यंत्रावर इतकं काही अवलंबून, म्हणून त्यासाठी नियमही आहेत. पुण्याच्या एआरएआय संस्थेने २०१६ साली 'एआयएस-१४०' हे मानक प्रसिद्ध केलं. रिसीव्हरने किती क्षीण संदेश पकडलाच पाहिजे, हेही त्यात आकड्यांत दिलं आहे. अशी यंत्रं तपासणारी सीआयआरटी ही संस्था तर आपल्या भोसरीतच, त्याच नाशिक रस्त्यावर आहे.

तेव्हा फाशांचा खेळ वर्गात जरूर खेळा. ५० ऐवजी ५ च उत्तरं घेतली, तर किती जण चुकतात तेही मोजा. बसमधलं ते बटण मात्र खेळायचं नाही बरं का! ते खऱ्या संकटासाठीच आहे.