नवा डेस्कटॉप : ब्रँडेड घ्यावा की असेंबल करावा?

विंडोज 10चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि अनेक घरांत नव्या डेस्कटॉपचा विषय निघाला. ब्रँडेड घ्यावा, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून पार्ट आणून असेंबल करावा?

ब्रँडेड पीसीच्या किमतीत बहुधा विंडोजचे लायसन्स असते आणि बिघाडाला एकच कंपनी जबाबदार असते. असेंबल्डमध्ये लायसन्स वेगळे घ्यावे लागते. प्रत्येक पार्टची वॉरंटीही वेगळी, म्हणून सगळी बिले जपा. फायदा असा, की पुढे हवा तो पार्ट बदलता येतो. काही ब्रँडेड मॉडेल्समध्ये एसएमपीएस आणि मदरबोर्ड खास मापाचे असतात. तिथे बाजारातला पार्ट बसत नाही.

इंजिनीअरिंगला असताना मी एसएमपीएसवर हजार रुपये वाचवले. वर्षभरात तो जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला, तोही सबमिशनच्या आठवड्यात!

मग घ्यायचे काय? अभ्यास, ऑफिसचे काम, ऑनलाइन फॉर्म यांसाठी ब्रँडेड पुरे. गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल तर असेंबल करा. 2025च्या अखेरीस रॅम बरीच महागली. त्यामुळे दोन्हींचे कोटेशन एकाच दिवशी घ्या आणि असेंबल्डच्या बेरजेत विंडोजचे लायसन्स व चांगला एसएमपीएस धरूनच तुलना करा.